विहीणबाईंचा आदोबो

विहीणबाई मोबाईलमधून एवढ्या जोरात ओरडल्या, की लक्ष्मीबाईंच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच थांबली. शब्द कळले नाहीत, धाक कळला.

"आई, ढवळायचं नाय," स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसलेली अनू ओढणी नाकाला लावून म्हणाली. "व्हिनेगर उकळेपर्यंत नाय. नानाय म्हणते, कच्चं राहतं."

नानाय म्हणजे अनूची आई. फिलिपिन्समधल्या कुठल्याशा बेटावर बसून, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलमधून ती संभाजीनगरातल्या या शेगडीवर नजर ठेवून होती. सुनेचं खरं नाव अनालिन. लक्ष्मीबाईंचा मुलगा विश्वजीत कंपनीच्या कामानं जपानला गेला, तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करणारी ही पोरगी त्याला भेटली, आणि लग्न करून दोघं शहरातल्याच सातारा परिसर भागातल्या या फ्लॅटमध्ये राहायला आली. आता अनूला तिसरा महिना होता आणि पोटात काही म्हणता काही टिकत नव्हतं. भाकरी नाही, वरणभात नाही, साधं नारळपाणीही नाही. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी कालच बजावलं होतं. सकाळी अनूच म्हणाली, "आई, आदोबो केला तर खाईन मी." पण कच्च्या लसणाचा नुसता वास आला तरी ती बेसिनकडं पळायची. मग पदर खोचून लक्ष्मीबाईच शेगडीपुढं उभ्या राहिल्या.

आदोबो म्हणजे कोंबडीचं कालवण, एवढं त्यांना समजलं होतं. बाकी सगळं उलटंच. हळद नाही, तिखट नाही, कांदा नाही, फोडणी तर नाहीच. कोंबडी, मूठभर लसूण, काळी मिरी, तेजपत्ता, मीठ आणि वाटीभर व्हिनेगर, सगळं एकदम पातेल्यात. असलं काही गावाकडं, कन्नडला, मालकांपुढं वाढलं असतं तर त्यांनी ताट सरकवलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

उकळी आली. आंबट वाफ डोळ्यांत गेली. मोबाईलमध्ये विहीणबाईंची मान हलली, तेव्हा कुठं त्यांनी पळी घातली.

कोंबडी मऊ झाली, रस आटत आला, तशी अनू म्हणाली, "आता मिसो, आई. फ्रिजमधला."

तो डबा लक्ष्मीबाईंना चांगला माहीत होता. सोयाबीन आंबवून केलेलं तपकिरी वाटण, जपानहून आणलेलं. पहिल्यांदा त्यांनी ते नासलं म्हणून फेकायलाच काढलं होतं. आता त्यांनी डबा ओट्यावर ठेवला मात्र, मोबाईलमधला आवाज चढला. अनूचाही चढला. मायलेकींची चांगलीच जुंपली.

"काय म्हणत्यात?"

"म्हणते, आदोबोत मिसो नाय. हा तुझ्या आजीचा आदोबो. जपाननं तुझी जीभ बिघडवली, म्हणते." अनू दम खायला थांबली. "पण जपानला, नागोयात, मी असाच करायची. लई थंडी असायची. विशूनं पहिल्यांदा खाल्ला तोपण असाच. मला तोच पाहिजे, आई."

पलीकडून विहीणबाई पुन्हा काहीतरी बोलल्या. आता आवाज भरून आला होता. अनूनं तोंड फिरवलं.

"राहू द्या. मला भूक नाय."

लक्ष्मीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. मग मोबाईलकडं पाहिलं. ती बाई डोळे पुसत होती. इतक्या लांबून लेकीसाठी सांगण्यापलीकडं तिच्या हातात काय होतं?

त्यांनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि मोबाईल उचलला.

"चला विहीणबाई, आमची गॅलरी दाखवते तुम्हाला."

अनू बघतच राहिली. जाता जाता लक्ष्मीबाईंनी पाठीमागं हात नेऊन तिला डब्याकडं बोट दाखवलं.

"हा बघा डोंगर. आत्ता हिरवा दिसतोय, उन्हाळ्यात नुसतं टक्कल. ही माझी तुळस. ह्यात मेथी लावली व्हती, पाखरांनी खाल्ली सगळी. अन् ती खाली उभी हाय ना, ती तुमच्या जावयाची गाडी."

विहीणबाईही त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. उठून त्यांनी आपलं अंगण दाखवलं, एक लंगडी कोंबडी दाखवली, दारातलं पपईचं झाड दाखवलं. लक्ष्मीबाई "हं, हं" करत राहिल्या आणि एक कान आत ठेवून होत्या. पातेल्याच्या काठावर पळी झटकल्याचा आवाज आला, तरी त्या लगेच वळल्या नाहीत. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकीही त्यांनी दाखवली.

त्या आत आल्या तेव्हा अनू ताट घेऊन बसली होती. तिनं पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून थांबली. लक्ष्मीबाई थांबल्या. मग तिनं दुसरा घास घेतला. मग रस्सा भातावर ओतला, कालवला आणि भराभर जेवायला लागली. बेसिनकडं काही गेली नाही.

विहीणबाईंनी तोंड अगदी स्क्रीनजवळ आणलं. ताटातला रस्सा दाट होता, तपकिरी होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग हळूच काहीतरी म्हणाल्या. अनू मान खाली घालून हसली.

"काय म्हणल्या?" लक्ष्मीबाईंनी धास्तावून विचारलं.

अनूनं तोंडातला घास गिळला.

"म्हणते, सासूबाईला सांग, उद्यापण मला गॅलरी दाखवा."