गच्चीवरचे कोट

टेप ताणत सोलर कंपनीच्या मॅडम मागे मागे सरकल्या आणि त्यांच्या पाठीला काहीतरी ओलं, गार लागलं. वळून बघतात तर दोरीवर बाह्या पसरून टांगलेला कोट. जाडजूड, धुराच्या वासाचा. त्याच्यामागे तसेच आणखी कितीतरी.

“हे सगळं इथून हलवावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“कुठे?” कोट उलटा करत असलेल्या बाईंनी विचारलं. त्या एका फायरमनच्या पत्नी. अग्निशमन दलाच्या या क्वार्टर्समध्ये लहानथोर सगळेच त्यांना वहिनी म्हणत.

बांधकाम खात्याचे इंजिनियर पुढे झाले. इमारत सरकारी, त्यामुळे हे काम त्यांच्या गळ्यात होतं. “गच्चीवर सोलर बसणार आहे, वहिनी. आणि तेही सरकारने एक पैसा न घालता.”

“मग कोण घालतंय?”

“ह्यांची कंपनी. पॅनेल त्यांचे, बसवणार तेच. आपण वीज वापरायची आणि युनिटमागे त्यांना पैसे द्यायचे. आत्ता भरतो त्यापेक्षा कमीच. वीस वर्षांनी सगळं आपल्या मालकीचं.”

“म्हणजे हप्त्यावर घेतलं म्हणा की!” वहिनींना गंमत वाटली. “आणि गच्ची किती लागणार?”

“सगळी,” मॅडम म्हणाल्या. “अर्धीवर आम्हाला परवडत नाही.”

वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी मॅडमचा हात धरला आणि कालपासून वाळत असलेल्या एका कोटाच्या अस्तरात घातला. वरून कोरडा वाटणारा कोट आतून दमट होता.

“असा कोट घालून आगीत शिरलं की आतल्या पाण्याची वाफ होते. ह्यांची पाठ तशीच भाजली. आगीने नाही, कोटाने.”

मॅडमनी हात लगेच काढून घेतला नाही.

इंजिनियर मान वर करून मोकळ्या आभाळाकडे बघत राहिले. “पॅनेल उंच घेतले तर? खालून माणूस चालेल एवढे?” मग स्वतःच म्हणाले, “पण सावली पडेल.”

“पडू दे की. कोटाला ऊन नकोच असतं, कापड विरतं त्याने. म्हणून तर मी वर चादर टाकते. वारा लागला की झालं.”

मॅडमनी फोनवर हिशेब केला. “लोखंड दुपटीच्या घरात जातंय. दर वाढवून द्या, करते.”

“दर मंजूर झालाय,” इंजिनियर म्हणाले. “आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी वाढणार नाही.”

कोटांतून थेंब पडत होते.

“मॅडम,” वहिनींनी विचारलं, “एकदा बसवून झालं की पुढे तुम्हाला खर्च कसला हो?”

“धुण्याचा. धूळ बसली की वीज कमी होते. सारखी माणसं पाठवायची, पाण्याचा टँकर मागवायचा. वीस वर्षं.”

“टँकर?”

वहिनींनी इंजिनियरकडे बघितलं. इंजिनियरनी कठड्यावरून खाली उभ्या असलेल्या लाल बंबांकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. “अग्निशमन दलात पाण्याचा टँकर!”

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “तुमच्या पाण्याच्या माऱ्याने काच फुटली तर? ती कोण भरून देणार?”

प्रश्न रास्त होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर एक जुना पॅनेल ठेवला आणि त्यावर मूठमूठ माती पसरली. खाली दलाची रोजची कवायत सुरूच होती. त्यांचे प्रमुख म्हणाले, “एरवी पाणी भिंतीवर मारतो, आज वर मारू. त्यात काय!” क्वार्टर्समधल्या बायका पोरं काखोटीला मारून वर जमल्या. बंबाच्या शिडीच्या टोकाला वहिनींचे यजमान, हातात पाइपाचं तोंड.

पहिला झोत सरळ आभाळात गेला. मॅडमनी डोळे मिटले. यजमानांनी पाइपाचं तोंड पिळलं तसा झोत फुलला, फुटला आणि बारीक तुषार होऊन पॅनेलवर उतरला. माती ओघळली. सगळ्यांच्या अंगावर पाणी आलं, पोरं किंचाळली.

मॅडमनी काचेवरून रुमाल फिरवला. तो पांढराच राहिला. “काच गार असताना, सकाळीच,” त्या म्हणाल्या. “आणि फवाराच. झोत नाही.” मग फोन कानाला लावून त्या लांबच्या कोपऱ्यात गेल्या. कोणाला तरी बराच वेळ समजावत होत्या. मध्येच आवाज चढला, मध्येच हसल्या. परत आल्या त्या भिजल्या केसांनीच.

“धुणं तुमचं, उंची आमची.”

“करारात असंच लिहू?” इंजिनियरनी विचारलं.

“असंच लिहा. सगळ्यांना कळेल.”

लोखंडाचे उंच खांब उभे राहिले. पॅनेल चढवायच्या दिवशी इंजिनियर जिना चढत होते, तेव्हा वरून एक कपाट खाली येत होतं. ते भिंतीला चिकटून उभे राहिले. कपाटामागून गाठोडं घेऊन वहिनी आल्या.

“क्वार्टर बदलली?”

“सोडली. हे रिटायर झाले ना परवा.”

इंजिनियर बघतच राहिले. “म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं? तरीही एवढं...”

“कोट खात्याचे आहेत, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “ते इथेच राहणार.”

तेवढ्यात गच्चीवरून नव्याने राहायला आलेल्या एका फायरमनच्या बायकोने हाक मारली, “वहिनी, दोरी केवढ्या उंचीवर बांधू?”

वहिनींनी गाठोडं पायरीवर ठेवलं आणि त्या पुन्हा वर निघाल्या.

“तुझ्या हाताला येईल एवढी,” चढता चढता त्या ओरडल्या. “माझ्या नको!”