गादीचा कोपरा

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जुन्या कादंबरीवर नाटक होतं अन् माही नाजिया त्यात पिंजारीण झालती. कादंबरीत पिंजारीण मालकिणीची नथ चोरते, गाव तिले हाकलते. आमचं घरच पिंजाऱ्याचं. बाभुळगावात आजही गाद्या भरतो. "हेच सोंग कायले घेतलं?" म्हणून मी चिडली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, "पिंजारीण झाली ते पोरगी तुमची का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. स्टेजवर मालकीण ओरडली, "चोट्टे, माही नथ कुठी?" नाजिया म्हणाली, "जुन्या कापसात सापडलेली चीज नव्या गादीच्या कोपऱ्यात शिवून द्यायची, ही आमची रीत. तुम्ही मले बोलूच दिलं नाही." हे कादंबरीत नव्हतं, पोरायनं नाटकात बदललं होतं. मालकिणीनं गादीचा कोपरा उसवला. नथ खाली पडली. हॉलभर टाळ्या वाजल्या. मी इतक्या वेळानं खुर्चीले पाठ टेकवली. मग बाईले म्हटलं, "माहीच पोरगी. पिंजारीण झाली नाही, हायच. मीबी."