गाण्यांना शेवट

गाणं संपलं तरी ठेका थांबेना. गायिकेने माइक खाली केला, कीबोर्डवाल्या काकांनी शेवटचा सूर धरून ठेवला, आणि मधल्या स्टुलावरचं ड्रम मशीन आपलं वाजतच राहिलं. अखेर काकांनी वाकून भिंतीतली पिन उपटली.

"बघितलंस?" ते मुलीला म्हणाले. "शनिवारी हॉटेलात हेच झालं. माझे दोन्ही हात अडकलेले. ही बया थांबवायला धावली, तिनं भलतंच बटण दाबलं, आणि विरहाच्या गाण्यावर लोक नाचायला उठले."

"नाचले ना? उठून तर गेलं नाही कुणी," गायिका म्हणाली.

"मॅनेजरने बजावलंय. पुन्हा असं झालं तर शनिवार दुसऱ्या कुणाला."

मुलगी मशीनसमोरच्या खुर्चीवर बसली होती. खुर्ची तिच्या वडिलांची. त्यांना जाऊन महिना होत आला होता. उशी एका बाजूला दबलेली होती, त्यामुळे तीही नकळत तिकडेच कलत होती.

तिने पिन परत लावली. छोट्या पडद्यावर गाणं उमटलं, म्हणजे नुसते आकडे. मुखड्याचा ठेका, अंतऱ्याचा, मधे एक तोडा, पुन्हा मुखडा. वडिलांनी प्रत्येक गाणं असं आकड्याला आकडा जोडून बांधलं होतं, आणि प्रत्येकाच्या टोकाला 'शेवट'ऐवजी 'पुन्हा' टाकलं होतं. मुखडा किती वेळा घोळवायचा ते तिथल्या तिथे ठरवायचे. थांबवायचे हाताने. त्या एका बटणावरची अक्षरं पार झिजून गेली होती.

"सगळ्यांना शेवट घालून दे," काका म्हणाले. "वीसेक गाणी असतील. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हेच करायचीस."

"मी येऊन बसते ना शनिवारी."

"अगं पण..."

"मला सुट्टी असते."

काकांनी गायिकेकडे पाहिलं.

"बसू दे की," ती म्हणाली. "करून बघू. मी डावा खांदा उचलला की समजायचं, हा शेवटचा मुखडा. तुझ्या बाबांना माझा खांदा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळायचा."

खांदा वर झाला तसं मुलीने बटण दाबलं. गाणं मधेच तुटलं.

"पोरी, ओळ तरी पुरी होऊ दे!"

दुसऱ्यांदा तिने ओळ पुरी होऊ दिली. तोवर ठेका पुढच्या फेऱ्यात शिरला आणि काका अडखळले. तिसऱ्यांदा ती पापणी न हलवता खांद्याकडे पाहत राहिली. खांदा वर झाला. तिने बरोबर वेळेवर दाबलं. गायिका गात होती, ती गातच पुढे गेली आणि मग एकटी पडली.

"खांदा उचललात ना मावशी?"

"श्वास घेतला गं."

"मग बाबांना कसं कळायचं?"

गायिकेने पाण्याची बाटली उघडली, पाणी प्यायली नाही. "ते मलाही माहीत नाही."

काका चष्मा पुसत होते. "बाळ," ते म्हणाले, "तू तरी किती शनिवार येशील?"

मुलीने मशीन पुढे ओढलं.

प्रत्येक गाण्यात जायचं, टोकापर्यंत सरकत राहायचं, 'पुन्हा' खोडायचं, 'शेवट' टाकायचं. मशीन विचारायचं, जुनं पुसू का? ती 'हो' दाबायची. पाचसहा गाण्यांनंतर तिने तो प्रश्न वाचणं सोडून दिलं. खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, कशाच्याच तालात नाही. चहा आला आणि निवला. गायिका चपला काढून बाकावर आडवी झाली.

"एवढ्या वेळात माझी घरभराची भांडी घासून झाली असती," ती डोळे मिटून म्हणाली.

"मग घासायचीस. गातेस कशाला?" काका म्हणाले. हसलं कुणीच नाही.

उन्हं खिडकीतून निघून गेली. शेवटचं गाणं राहिलं. कार्यक्रम संपवताना ते नेहमी हेच घ्यायचे.

"याचा मुखडा किती वेळा?" मुलीने विचारलं.

"तीन," काका म्हणाले.

"कुठले तीन? मागच्या वर्षी नऊ वेळा घेतला होता. लोक सोडेनात," गायिका म्हणाली.

"आणि त्या लग्नात एकदाच. नवरदेवाला चक्कर आली होती."

"मग टाकू किती?"

दोघंही विचारात पडले. गाणी बसवताना हे कधी ठरवायला लागलंच नव्हतं.

"तूच टाक," काका म्हणाले.

तिने चार टाकले. पुसू का, मशीनने विचारलं. या वेळी तिने वाचलं. मग 'हो' दाबलं.

"वाजवून बघ एकदा," गायिका म्हणाली आणि बाकावर पडल्यापडल्याच, माइकशिवाय, अर्ध्या आवाजात गायला लागली. काकांनी साथ धरली. मुखडा एकदा झाला, दोनदा झाला. मुलीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. चौथ्या फेऱ्याच्या शेवटी तोडा आला, एक झांज वाजली आणि मशीन गप्प झालं. अगदी समेवर.

"जमलं," गायिका म्हणाली.

काकांचे हात पाचव्या फेऱ्यात शिरले होते.