रिकाम्या लेकी

सुनेत्राने वाटीतल्या दह्यात कागदी पट्टी बुडवली. तालुक्याच्या प्रयोगशाळेतून ती सकाळीच वाडीवर आली होती आणि अकरा घरांतल्या पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या होत्या. दही घट्ट, गोड. पण साखरेच्या आजारावरचं औषध त्यातून नाहीसं झालेलं. ही बारावीही कोरी निघाली, तर प्रयोगशाळेने वाटलेलं, दह्यातच औषध तयार करणारं विरजण बंद होऊन सगळी वाडी पुन्हा सुईवर येणार होती.

बाराव्या घरच्या हौसाक्कांच्या वाटीतली पट्टी मात्र गडद निळी झाली.

"आक्का, दही कुठे लावता?"

"माठाशेजारी, गारव्याला. दीड दिवस लागतो. बाकीच्या चुलीपाशी लावतात."

सुनेत्रा तिथेच खाली बसली. "दह्यातला जंतू एकाचे दोन होत वाढतो. औषध बनवायची कृती असते त्याच्या पोटातल्या एका इवल्या कड्यावर, आणि ते कडं आपल्याच चालीने स्वतःच्या नकला काढतं. ऊब मिळाली की जंतू भराभर दुभंगतात, कडं मागे पडतं, आणि दुभंगून झालेले नवे जंतू, म्हणजे त्याच्या लेकी, कड्याविना रिकाम्या निघतात. आम्हाला हे कळायला सहा वर्षं लागली. तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय. उन्हाळ्यात मालकांना दह्याचा गुण येईनासा झाला, तेव्हा भांड्याची जागा बदलत राहिले." आक्का हसल्या. "म्हणजे ओटी भरायच्या आतच लेकी घराबाहेर पडत होत्या म्हण की."

सुनेत्राने वहीत तेच वाक्य लिहून घेतलं आणि ती उठली.

"थांब," आक्का म्हणाल्या. "तू तरी रिकामी जाऊ नकोस." आणि त्यांनी विरजणाची वाटी तिच्या ओंजळीत ठेवली.