चौथं अपील

"उत्तरात उणीव काय आहे, तेवढं सांगा," अपील ऐकणारे साहेब म्हणाले.

आजींनी चष्मा पुसला, माहिती अधिकाराच्या अर्जाला आलेलं नऊ पानी उत्तर पहिल्यापासून उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. बागेतले बाक किती, मोडके किती, दुरुस्ती कधी, सगळं अगदी व्यवस्थित लिहिलेलं. उणीव काही सापडेना. आणि सापडली नाही तर अपील आजच निकाली निघणार, मग पुढच्या सुनावणीचं नावच नको. आजींना तेच नको होतं.

समोर माहिती अधिकारी खाली मान घालून बसला होता. चाळिशीचा, अंगानं उतरलेला, शर्टाची कॉलर ढिली झालेली. आजींच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

"पंखा जरा त्यांच्याकडे वळवा. घामाघूम झालेत."

"आजी, हे तुमचं चौथं अपील," साहेब म्हणाले. "आधी दिवे, मग झाडं, मग गटारं, आता बाक. खिडकीवर येऊन नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं."

"तोंडी विचारून बघितलं की! फोन केले, निरोप धाडले. कोणी दाद देईल तर शपथ! अर्ज केला की कसं, तीस दिवसांत सहीनिशी उत्तर. अपील केलं की माणूस समोर हजर. कायदा करणाऱ्याचं भलं होवो."

साहेबांना हसू आवरेना. म्हातारी खमकी होती, पण गोड होती. माहिती अधिकारी मात्र हसला नाही.

"हे बघा, सहाव्या पानावर..." आजी अडखळल्या. "एका बाकाचा रंग लिहिलेला नाही."

"हिरवा," माहिती अधिकारी पुटपुटला.

"झालं तर मग. उत्तर पूर्ण, अपील निकाली." साहेबांनी शिक्का मारला.

आजींचा चेहरा पडला. आता आणखी काय विचारायचं? रस्ते तेवढे उरले होते, पण गुडघे कुरकुरत होते आणि एवढे जिने पुन्हा चढायचं बळ कुठून आणायचं? त्यांनी कागद पिशवीत कोंबले आणि त्या दाराकडे निघाल्या.

मागे खुर्ची सरकली. माहिती अधिकारी टेबलाला वळसा घालून आला. त्यानं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"आता अर्ज नको करूस, आई. रविवारी मी घरी येतो."