थोरल्या साडूने दिलेला आकडा

“धाकट्यांचं नाव पेपरात आलंय,” सासूबाई म्हणाल्या, आणि थोरल्यांच्या घशात घास अडकला.

नाव थोरल्यांचंही आलं होतं, पण दुसऱ्या ओळीत. सासूबाईंचा चष्मा पहिल्या ओळीपुढे जात नसे.

दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे आणि दोघांचा धंदाही एकच. धातूची बारीक पावडर पातळ थरात पसरायची, हवी तिथे लेझरने वितळवायची, आणि थरावर थर चढवत अख्खी वस्तू उभी करायची. थोरले एका कंपनीत, धाकटे तिच्या कट्टर स्पर्धकाकडे. कंपन्यांचं जोवर विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, तोवर थोरल्यांची चांगली सोय होती. धाकट्यांना पाण्यात पाहायचं आणि वर त्याचा पगारही घ्यायचा.

आता ती सोय गेली होती. ओतकामाच्या एका बड्या कारखान्याला पोलादी साचे हवे होते, पोटातून पाण्याच्या नागमोडी वाटा गेलेले. अशा वाटा ड्रिलने पडत नाहीत. साचा पावडरमधूनच घडवावा लागतो, आणि मोठा असला की तो हमखास तडकतो. दोन्ही कंपन्यांनी हात टेकले होते. शेवटी कारखान्याच्या संचालकबाईंनीच दोन्ही कंपन्यांना एका टेबलाशी बसवलं. जे येतं ते एकमेकांना द्या आणि एकेक साचा बनवून आणा, त्या म्हणाल्या. ज्याच्या अकलेने काम फत्ते होईल, तो नव्या सामायिक कार्यशाळेचा प्रमुख. पेपरातली बातमी हीच होती.

थोरल्यांना ती खुर्ची हवी होती. इतकी, की झोपेतसुद्धा ते तिची उंची कमीजास्त करत होते.

“उद्या साडू प्रमुख झाला तर मी त्याच्या हाताखाली?” ते बायकोला म्हणाले.

“मग काय झालं? घरातलाच माणूस आहे.”

“तेच तर झालं.”

ठरल्याप्रमाणे धाकट्यांनी आपली कृती लगेच पाठवून दिली: लेझरचा वेग, थराची जाडी, साचा जिच्यावर उभा राहतो त्या खालच्या प्लेटचं तापमान. वर आपलं कुठे फसतंय तेही मोकळेपणाने लिहिलं. ते वाचून थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा साळसूदपणा कुणाला दाखवायला?

मग त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. स्वतःची कृती उघडली आणि त्यातला एकच आकडा बदलला. प्लेटचं तापमान सरळ दुप्पट केलं. एवढ्या उष्णतेत पावडरच्या गुठळ्या होणार, साचा बसणार, आणि साच्याबरोबर साडूही. खाली शुभेच्छा लिहून त्यांनी ती पाठवून दिली.

रविवारी धाकटे घरी आले.

“दादा, तापमान जरा जास्त नाही वाटत?”

“वाटतं खरं.”

“तुम्ही करून पाहिलंय ना?”

“अहो, त्याशिवाय दिलं असतं का?”

“आमच्याकडे सगळे नको म्हणतायत. पण मी त्यांना म्हटलं, दादांनी दिलंय म्हणजे विचार करूनच दिलं असणार.”

“विचार करूनच दिलंय,” थोरले म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

धाकटे गेल्यावर बायको म्हणाली, “आज मला तुमचं कौतुक वाटलं. मनात काही न ठेवता दिलंत.”

थोरल्यांना लाज वाटली, खरोखरच वाटली. त्यांनी धाकट्यांना सांगून टाकायला फोनही उचलला.

“आणि ते तरी किती सरळ आहेत,” बायको पुढे म्हणाली. “आई उगाच नाही त्यांचं गुणगान करत.”

थोरल्यांनी फोन खाली ठेवला. स्वतःचा साचा त्यांनी नेहमीच्याच तापमानाला बनवला.

चाचणी कारखान्यातच झाली. साच्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं, आतल्या वाटांतून पाणी सोडून थंड करायचं, पुन्हा ओतायचं. थोरल्यांचा साचा पहिला लागला. काही वेळ सगळं सुरळीत चाललं, मग फस्सकन वाफ निघाली. कडेला चीर गेली होती आणि पाणी बाहेर येत होतं. थोरल्यांचा चेहरा पडला, पण फार नाही. धाकट्यांचा तर पहिल्याच ओतीला राम म्हणणार होता.

तो राम म्हणेना. ओतलं, थंड केलं, पुन्हा ओतलं. थोरले काचेला नाक लावून चिरेची वाट बघत होते. शेवटी भट्टीवालाच कंटाळून म्हणाला, “बास करा, धातू संपला.”

टाळ्या वाजल्या. धाकट्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“हे श्रेय माझं नाही. कृती पूर्णपणे दादांची आहे. इतकं तापमान चढवायची आमच्यात कुणाचीच छाती झाली नसती. पण त्या उष्णतेनेच साच्यात ताण राहिला नाही, म्हणून तो तडकला नाही.” आणि त्यांनी थोरल्यांना कडकडून मिठी मारली.

थोरल्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. खुर्ची! साडूने स्वतःच्या हाताने पुढे सरकवलेली!

“बरीच वर्षं डोक्यात घोळत होतं,” ते घसा खाकरून म्हणाले.

संचालकबाई पुढे आल्या, त्यांनी थोरल्यांचा हात हातात घेतला. “अभिनंदन. प्रमुख म्हणून तुमचंच नाव मी आत्ता सगळ्यांदेखत सांगणार आहे.” मग त्यांची नजर शेजारच्या तडकलेल्या साच्यावर गेली. हातातल्या टॅबवर त्यांनी दोन्ही यंत्रांचं तापमान पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

“त्याआधी एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “इतका रामबाण आकडा तुमच्याकडे होता, तर तुमच्या स्वतःच्या साच्याला तुम्ही तो का नाही वापरलात?”