आईसाठी चहा

घराला आग लावली म्हणून कोर्टाने त्याला आमच्या मनोरुग्णालयाच्या बंदिस्त वॉर्डात पाठवलं, त्याला सहा वर्षं झाली. वय चाळीस. नवं काही शिकायचं तर त्याला महिने लागतात. मी तिथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रुग्णांना रोजची कामं शिकवणारी. एक कप चहा शिकवण्यात आमचे अकरा महिने गेले, आणि गॅस दर वेळी मीच पेटवून देत होते. आज तो स्वतः पेटवणार, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

नेमकी आजच त्याची आई पहिल्यांदा भेटायला आली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा होत्या. मी त्याच्या हातात लायटर दिला, तसा दारातला गार्ड दोन पावलं पुढे आला. आईने खुर्ची उचलली. आता ही लांब जाऊन बसणार, असं मला वाटलं. तिने खुर्ची शेगडीला लागूनच ठेवली.

"लाव रे राजा. मी बसलेय इथे."

ज्योत उठली. तो त्या ज्योतीकडे बघतच राहिला. मग त्याने पातेलं ठेवलं, चहा केला, गॅस बंद केला आणि दोन्ही हातांनी कप आईपुढे धरला.

चहा संपवून ती हळूच म्हणाली, "मॅडम, मलाही शिकवाल का? त्या आगीनंतर मी गॅसजवळ गेलेच नव्हते. आजच बसले."

मी हो म्हणेपर्यंत त्याने तिचा हात धरून तिला उठवलंही.

"ये," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे ना."